वडाला टांगलेले पाळणे

निपाणीहून चिकोडीकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना रानं लागतात. ऊस, तंबाखू, सोयाबीन. गावं एकमेकांना खेटून बसलेली. यांतल्या बहुतेक गावांत मराठा, लिंगायत, जैन, धनगर, मुसलमान, बौद्ध अशी घरं एकाच पाणंदीला लागून असतात. रोज एकमेकांच्या तोंडाकडे बघून जगणारी ही माणसं मेल्यावर मात्र वेगवेगळ्या वाटांनी जातात. मराठ्याचं मढं ओढ्याकाठी सरणावर चढतं. लिंगायताचं माणूस फुलांनी सजवलेल्या विमानात बसून निघतं. पुढं भजन चाललेलं असतं. खड्ड्यात त्याला मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवतात, भोवती विभूती आणि बेलाची पानं घालतात. मुसलमानाला कबरीत पश्चिमेकडे तोंड करून निजवतात. जैन मुनीचा देह पद्मासनात बसलेल्या स्थितीतच अग्नीला देतात. आणि मयत कुणाचंही असलं तरी गल्ली लोटते, त्यामुळे या भागातल्या साध्या शेतकऱ्यालाही तीन-चार तऱ्हेचं मरण अगदी हाताशी ठाऊक असतं. शहरातल्या माणसाला आपल्या घरातलंच एक कसंबसं ठाऊक असतं.

या पट्ट्यात हिंडताना मला सतत जाणवत आलं ते हे, की मेलेल्यांच्या जागा इथं ओसाड पडलेल्या नाहीत. लोक तिथं दुःख घेऊन जातात त्याहून अधिक वेळा सुख घेऊन जातात. नवी सून, नवं पोर, नवी गाडी, नव्या गुऱ्हाळाची पहिली ढेप. जुन्या दगडापुढं, समाधीपुढं, दर्ग्यापुढं उभं राहिलं की आपण अजून आहोत याचा एक साधा, स्वच्छ आनंद होतो, आणि आपण आहोत ते आधी कुणी तरी होतं म्हणून, याची ओळख पटते. या लेखात मला त्या आनंदाबद्दलच लिहायचं आहे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाबद्दल मराठीत जे लिहिलं जातं ते बहुतेक भांडणाबद्दल असतं. ते भांडण खरं आहे आणि त्यात माणसं गेली आहेत. पण याच मातीचा हा दुसरा गुण फारसा कुणी सांगत नाही.

सुरुवात वीरगळापासून करतो, कारण तो गावोगाव आहे. चिकोडी रस्त्यालगतच्या एका गावात मारुतीच्या देवळाच्या डाव्या बाजूला कमरेएवढा काळा दगड रोवलेला आहे. त्यावर अक्षर एकही नाही. खालून वर वाचत जायचा हा दगड. सगळ्यांत खालच्या चौकटीत लढाई आहे: एक माणूस ढाल-तलवार घेऊन उभा, समोर दोघं, आणि कडेला शिंगांवरून ओळखू येतील अशा तीन गाई. म्हणजे गुरं वळवून नेणाऱ्यांशी झुंजताना हा पडला. मधल्या चौकटीत तोच माणूस दोन अप्सरांच्या मध्ये, त्यांनी त्याला बगलेत धरून उचललेलं. वरच्या चौकटीत तो हात जोडून शिवलिंगापुढं बसला आहे. माथ्यावर कलश, एका बाजूला सूर्य, दुसऱ्या बाजूला चंद्रकोर: हे दोघे आहेत तोवर याचं नाव राहो. नाव तर राहिलं नाही. कोरलेलंच नव्हतं, किंवा पिढ्यांच्या तेलाखाली बुजलं.

जवळ वाकून बघितलं की एक गोष्ट दिसते. तळच्या चौकटीतल्या वीराचा चेहरा झिजून सपाट झाला आहे. वरच्या चौकटीतला चेहरा मात्र शाबूत आहे, ओठाची कडसुद्धा कळते. झीज उन्हापावसाची नाही, हातांची आहे. देवळात येणारी माणसं वाकून जिथं हात पोचतो तिथं हात लावतात आणि तो हात कपाळाला नेतात. हात खालच्या चौकटीपर्यंत पोचतो. म्हणजे लोक गेली कित्येक शतकं त्याच्या मरणाला हात लावत आले, स्वर्गाला नाही. अमावास्येला या दगडावर तेल पडतं. लग्नाची वरात देवदर्शनाला निघाली की मारुतीपाठोपाठ याच्याही पाया पडतात. कुणाच्या गाई होत्या, कुठल्या सालची गोष्ट, गावात कुणाला ठाऊक नाही, आणि विचारलं तरी त्यात कुणाला फार रस नाही. आपल्या गावासाठी पडला, एवढं पुरतं.

याच शेजारी अनेक गावांत सतीशिळाही असते. खांबातून काटकोनात बाहेर आलेला बाईचा हात, मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या. तिलाही हळदकुंकू वाहतात. तिथं मला आनंद होत नाही, आणि तो होऊ नये असं मला ठामपणे वाटतं. वीर झुंजायला स्वतःच्या पायांनी गेला असेल. या बाईचं काय झालं ते दगड सांगत नाही. तिच्यापुढं मी हात जोडतो ते तिची क्षमा मागायला. कृतज्ञतेच्या नावाखाली सगळंच गोड करून घ्यायचं नसतं.

वीरगळ मध्ययुगातले. त्याच्याही मागं जायचं तर घटप्रभेच्या काठानं गोकाककडं जावं लागतं. गोकाकचा धबधबा सगळ्यांना ठाऊक आहे, सुट्टीत निपाणी-कोल्हापूरच्या गाड्यांची रांग लागते. त्या धबधब्याच्या जवळच कोन्नूर आहे आणि कोन्नूरच्या परिसरात महापाषाण काळातली थडगी आहेत. मोठमोठ्या दगडी फळ्या उभ्या करून वर छताला तशीच एक फळी टाकलेल्या खोल्या. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांनी यांच्यावर लिहिलं. पुढं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातले अ. सुंदर यांनी उत्तर कर्नाटकातल्या अशा दगडी थडग्यांचा बारकाईनं अभ्यास करून १९७५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. लोखंड नुकतं हाती आलेल्या, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातल्या माणसांचं हे काम. या प्रकारच्या थडग्यांत दख्खनभर काळी-तांबडी भांडी सापडतात, लोखंडी हत्यारं सापडतात. मेलेल्याला पुढच्या वाटेसाठी लागेल ते बरोबर दिलेलं.

लोक या खोल्यांना पांडवांची घरं म्हणत आले. थडगी कुणी म्हणालं नाही. वनवासात दमलेले पाच भाऊ इथं मुक्कामाला राहिले असतील, असं समजून गुराख्यांनी पावसात त्यांचा आडोसा घेतला असणार. मला हा समज फार आवडतो. अभ्यासकाच्या दृष्टीनं तो चूक आहे. पण स्वतःसाठी धड भिंत नसलेल्या माणसांनी मेलेल्यासाठी दगडी घर बांधलं आणि अडीच-तीन हजार वर्षांनी त्याला ‘घर’ म्हणूनच ओळखलं गेलं, यात बांधणाऱ्यांच्या मनातलं बरंचसं पोचलं असं मी मानतो. त्या शिळा ओढून आणायला किती माणसं लागली असतील? त्यांतल्या प्रत्येकाला त्या दिवशी शेतावर, शिकारीवर काम असणारच. ते टाकून ती आली. आजही गावात कुणी गेलं की दुपारचं पाणी पाजणं राहतं, ऊसतोड थांबते.

आणखी मागचं बघायचं तर जरा या पट्ट्याबाहेर जावं लागतं. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथं उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्यानंतर म. के. ढवळीकर यांच्या नावाशी ते जोडलेलं आहे. कोन्नूरपेक्षाही जुनी, ताम्रपाषाण काळातली, इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती. तिथं तान्ही मुलं गेली की त्यांना दोन मातीच्या रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखाली पुरत. मोठी माणसंही घराखाली किंवा अंगणात पुरत, आणि त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले आढळले. मेलेल्यानं उठून निघून जाऊ नये म्हणून, असा त्याचा एक अर्थ लावतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. नंतर, घरातली माणसं गेल्यावर, तीच गोष्ट मला निराळी कळली. जमिनीखाली पोर ठेवून त्याच जमिनीवर चूल पेटवणारी आई भ्यालेली नव्हती. तिला ते पोर घरात हवं होतं. वर स्वयंपाक होत होता, दुसरी मुलं रांगत होती, आणि खाली तेही होतं. आपल्याकडं भाद्रपदात म्हाळ घालतात, खीर-वडे करून पत्र्यावर पान ठेवून कावळ्याची वाट बघतात, तेव्हा घरातल्या बायका गेलेल्यांशी जसं मोठ्यानं बोलतात, रागावतात, ‘या आता, पोरं भुकेजलीत’ म्हणतात, त्यातला सूर या आईचाच असावा.

आता परत आपल्या पट्ट्यात. निपाणी तालुक्यात भोज नावाचं गाव आहे. वेदगंगा आणि दूधगंगा इथं एकमेकींना मिळतात. या गावच्या पाटलांच्या घरातला सातगौडा नावाचा मुलगा, आईच्या माहेरी येळगूडला १८७२ साली जन्मलेला, पुढं आचार्य शांतिसागर झाला. विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरा जवळजवळ लोपत आली असताना ती पुन्हा उभी करणारे म्हणून सगळा जैन समाज त्यांचं नाव घेतो. चरित्रकार सांगतात की तरुणपणी हा पाटलाचा अंगापिंडानं दणकट मुलगा मुनींना खांद्यावर बसवून संगमाच्या पाण्यातून पलीकडं नेत असे, आणि आपल्या शेतात उतरलेल्या पाखरांना हाकलण्याऐवजी त्यांच्यासाठी पाणी भरून ठेवत असे. १९२० साली निपाणीजवळच्या यरनाळला त्यांनी मुनिदीक्षा घेतली. मग उत्तरेत दिल्लीपर्यंत पायी विहार केला. आयुष्य उपवासांत गेलं.

१९५५ साली, ऐंशी उलटून गेल्यावर, त्यांची दृष्टी अधू झाली. चालताना पायाखालचा जीव दिसत नाही, मग मुनीनं चालावं कसं? त्यांच्या व्रतात पाऊल टाकण्यापूर्वी जमीन बघणं येतं. ते जमत नाहीसं झाल्यावर त्यांनी धाराशिव जिल्ह्यातल्या कुंथलगिरीवर सल्लेखना, म्हणजे मरेपर्यंत अन्न सोडण्याचं व्रत, घेतली आणि ३६ दिवसांनी, १८ सप्टेंबर १९५५ रोजी देह ठेवला. त्याआधी दहा दिवस, ८ सप्टेंबरला, त्यांनी जमलेल्यांना शेवटचा उपदेश केला. तो ध्वनिमुद्रित झाला आहे आणि तो मराठीत आहे. कन्नड मातृभूमीचा, कैक वर्षं हिंदी मुलखात फिरलेला हा साधू शेवटी भोज-यरनाळकडच्या पाटलाच्या मराठीत बोलला. भिऊ नका, आत्म्याचं चिंतन करा, हाच त्याचा आशय. अन्न सोडलेल्या माणसाचा तो क्षीण आवाज ऐकताना मला वाईट वाटलं नाही. जबाबदारीनं हिशेब मिटवून निघालेल्या माणसाचा तो आवाज आहे.

सल्लेखनेबद्दल वाद आहेत, आणि ते असायला हवेत. राजस्थान उच्च न्यायालयानं १० ऑगस्ट २०१५ रोजी संथारा, म्हणजेच सल्लेखना, हा गुन्हा ठरवला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. म्हातारपणाचा कंटाळा, घरच्यांची अडचण, एकटेपण यांतून कुणी अन्न सोडत असेल तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्याच्या उशाशी बसावं, त्याला जेवू घालावं, डॉक्टर आणावा, त्याला जगवावं. माझं मत यात जराही हलत नाही. शांतिसागरांची गोष्ट मी सांगतो ती त्यांनी मरण कसं घेतलं म्हणून नाही. पायाखाली मुंगी दिसत नाही या गोष्टीचं इतकं ओझं वाटणारा माणूस आपल्या निपाणीच्या रानात वाढला, म्हणून सांगतो. जवळच तवंदी घाटात स्तवनिधी क्षेत्र आहे. तिथं १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली आणि या भागातल्या जैन शेतकऱ्यांची मुलं शिकू लागली. तिथल्या जत्रेत मी नारळ फोडणारे मराठेही पाहिले, लिंगायतही पाहिले.

निपाणीत दुसरं टोक बघायला मिळतं. पीरानेपीर दस्तगीरसाहेबांचा उरूस. ज्यांच्या नावानं तो भरतो ते अब्दुल कादिर जिलानी ११६६ साली बगदादला वारले आणि त्यांची कबर तिथंच आहे. निपाणीत हे स्थान उभं केलं ते संत बाबामहाराज चव्हाणांनी, आणि उरसाचा मानाचा गलेफ, म्हणजे चढवायची चादर, आजही चव्हाणवाड्यातून निघतो. भर उरूस आणि दुसऱ्या दिवशीचा शिळा उरूस या दोन दिवसांत निपाणीत माणूस मावत नाही. दूर राहणाऱ्या लेकी माहेरी येतात, पाळणे उभे राहतात, मलिदा वाटला जातो, कुस्त्यांचं मैदान भरतं. एका पुण्यात्म्याच्या मरणाचा दिवस गावाचा सगळ्यांत मोठा आनंदाचा दिवस होतो, आणि यात काही विसंगत आहे असं निपाणीत जन्मलेल्या कुणालाही वाटत नाही.

मिरजेत हेच आणखी गोड रूपात आहे. ख्वाजा शमना मीरांच्या उरसात पहिला गलेफ चढवायचा मान चर्मकार समाजाचा. त्याच दर्ग्याच्या आवारात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. खाँसाहेब १९३७ साली गेले. तेव्हापासून उरसात गवई येऊन दर्ग्यापुढं गातात, थोर आणि नवखे दोन्ही, आणि बिदागीचा विचार न करता गातात. किराणा घराण्याचं कितीतरी उत्तम गाणं एका कबरीशेजारी ऐकायला मिळालं आहे.

जी. ए. कुलकर्णी याच मुलखातले, एकसंब्याला जन्मलेले. त्यांच्या कथांत मरण नियतीच्या काळ्या भिंतीसारखं येतं. त्या कथांवर माझं फार प्रेम आहे. पण ज्या गावांत त्या कथांची माती आहे तिथं प्रत्यक्ष हिंडताना मला मरणाचं दुसरंच रूप भेटत राहिलं, जत्रेला पाहुणे बोलावणाऱ्या घरधन्याचं.

बेळगावचा किल्ला बघायला गेलात तर कमल बस्तीत जरूर थांबा. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज यानं १२०४ साली बांधलेलं हे नेमिनाथाचं जैन मंदिर. मुखमंडपात मान वर केली की छतातून खाली उमललेलं दगडी कमळ दिसतं. त्याला ७२ पाकळ्या आहेत, आणि त्या तीन काळांच्या तीर्थंकरांच्या: २४ होऊन गेलेले, २४ या युगाचे, २४ अजून व्हायचे. आठशे वर्षांपूर्वीच्या कारागिरानं अजून न जन्मलेल्यांसाठी तेवढ्याच निगुतीनं पाकळ्या काढल्या. मी बराच वेळ तिसऱ्या चोविसांकडं बघत उभा होतो. अवशेष म्हटलं की आपण गेलेल्यांचाच विचार करतो. इथं येणारेही मोजलेले आहेत.

किल्ल्यातच सफा मशीद आहे, विजापूरच्या आदिलशाहीचा बेळगावचा सरदार असदखान लारी यानं सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेली. तिच्या काही खांबांवर रट्टांच्या आणि यादवांच्या काळातले लेख आहेत, म्हणजे खांब आधीच्या देवळांचे. हे वाचून हल्ली लगेच दोन तट पडतात. कुणाचं तरी देऊळ गेलं हे खरं, ते लपवायचं कारण नाही. पण खांबावरचा लेख घासून टाकलेला नाही, तोही टिकला, म्हणूनच आपल्याला ते देऊळ होतं हे कळतं. असदखान १५४९ साली वारला. कॅम्पात त्याचा दर्गा आहे आणि त्या दर्ग्यात गुरुवारी ऊद घालायला येणाऱ्यांत हिंदू बायका पुष्कळ. विजापूरच्या राजकारणात भल्याभल्यांना जड गेलेला हा सरदार आता लेकरांची दृष्ट काढण्यापुरता उरला आहे. मला तर हे त्याचं फार चांगलं झालं असं वाटतं.

बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र. या पलटणीत नाव नोंदवलेली पोरं दोन महायुद्धांत मेसोपोटेमियापासून इटलीपर्यंत पडली. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचा नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडला. वय २२. सगळे साथीदार पडल्यावर एकट्यानं मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेला, ते घेतलं, आणि मग गोळी लागली. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जुलै २०२३ मध्ये तिथल्या मोन्तोने गावानं त्याच्या नावानं एक स्मारक उभारलं. ते छायाघड्याळ आहे, आणि त्यावर लॅटिनमध्ये कोरलं आहे की आपण सगळे एकाच सूर्याखाली आहोत. हे वाचलं आणि मला चिकोडी रस्त्यावरचा वीरगळ आठवला. तिथल्या माथ्यावरचा सूर्य आणि हा सूर्य. त्या इटालियन गावकऱ्यांनी वीरगळ कधी पाहिला नसणार. आपल्या गावासाठी पडलेल्या परक्या पोराचं काय करावं, याचं उत्तर मात्र त्यांनाही तेच सुचलं.

आता नंदगड. बेळगावहून खानापूर, तिथून पुढं. या तालुक्यात घराघरांत मराठी बोलली जाते. कित्तूरच्या राणी चेन्नम्मानं २३ ऑक्टोबर १८२४ रोजी धारवाडचा कलेक्टर थॅकरे याच्या फौजेचा पराभव केला, त्यात थॅकरे मारला गेला. डिसेंबरात इंग्रज मोठ्या फौजेनिशी परत आले, किल्ला पडला, राणीला बैलहोंगलला कैदेत ठेवलं आणि तिथंच १८२९ साली ती वारली. तिची समाधी बैलहोंगललाच आहे. तिच्या पदरचा शेतसनदी शिपाई संगोळ्ळी रायण्णा, धनगर घरातला, मात्र थांबला नाही. डोंगररानाच्या आश्रयानं त्यानं छापे घालून इंग्रजांच्या कचेऱ्या जाळल्या, त्यांच्या बाजूच्या जमीनदारांना जेरीस आणलं. शेवटी ओढ्यात अंघोळीला उतरलेला असताना फितुरीनं पकडला गेला. २६ जानेवारी १८३१ रोजी नंदगडजवळ त्याला झाडाला फाशी दिलं. परंपरेनं त्याचा जन्मदिवस १५ ऑगस्ट मानतात. पुढं सव्वाशे वर्षांत हे दोन्ही दिवस देशाचे झाले, याचा नंदगडला मोठा अभिमान आहे.

त्याच्या समाधीवर त्याच्या एका सोबत्यानं वडाचं रोप लावलं, अशी लोककथा आहे. आज तो वड प्रचंड आहे. पारंब्या जमिनीत उतरून त्यांचेच बुंधे झाले आहेत. जवळ अशोकस्तंभ उभारला आहे, पुतळा आहे, सरकारी फलक आहेत. पण डोळा ठरतो तो फांद्यांवर. तिथं पाळणे टांगलेले असतात. लहान लाकडी पाळणे, वितीएवढे, रंगवलेले. काही नुसत्या खणाच्या तुकड्याची झोळी करून बांधलेले. मूल नसलेली जोडपी इथं येतात, पाळणा बांधतात, नवस बोलतात. मराठीतही बोलतात, कन्नडातही. काही पाळणे नवे कोरे, काहींचा रंग उडून दोरी कुजत आलेली.

विचार करून बघा. ज्याला फासावर दिलं त्याच्या थडग्यावरच्या झाडाला पाळणा. आपल्याकडं शुभ-अशुभाचे केवढे नियम! गरोदर बाईनं मयताच्या वाटेनं जाऊ नये, तिच्या कानावर मेल्याची बातमी घालू नये. आणि इथं पोटी मूल यावं म्हणून बाई थेट समाधीला येते, आणि तिची सासू तिला घेऊन येते. रायण्णानं काय द्यावं अशी तिची समजूत असते? राज्य नाही, पैसा नाही. त्याचं स्वतःचं जे अकाली गेलं तेच तो दुसऱ्याला देईल, असा तो हिशेब आहे. ऐन जवानीत दिलेलं आयुष्य वाया जात नाही, ते कुणाच्या तरी पदरात पडतं, हा विश्वास. कुठल्या पोथीत तो लिहिलेला नाही. गावच्या बायकांनी तो स्वतःच काढला.

हीच बुद्धी हल्ली आणखी एका ठिकाणी काम करताना दिसते. कोल्हापूर-निपाणी भागातल्या पुष्कळ घरांनी रक्षा नदीत सोडायचं बंद केलं आहे. तिसऱ्या दिवशी रक्षा सावडून आणतात, शेतात खड्डा काढतात, त्यात घालतात आणि वर रोप लावतात. आंबा, नारळ, चिक्कू. पंचगंगा, वेदगंगेच्या पाण्याची दशा बघून कुणी तरी सुरू केलं आणि ते पसरलं. नातवंडं त्या झाडाला आज्जीचा आंबा म्हणतात, आणि आंबे उतरले की पहिली पाटी भावकीत वाटतात. जिच्या जिवावर ही जमीन राहिली, तिची ही वाटणी.

मग जुन्या दगडांचीच आपण हेळसांड का करतो? कारण प्रेम आहे आणि माहिती नाही. गेल्या काही वर्षांत गावोगावच्या देवळांचा जीर्णोद्धार चालू आहे. पैसा आला आहे, पोरं उत्साही आहेत. वीरगळाला ऑइलपेंट लागतो: वीर भगवा, गाई पांढऱ्या, अप्सरांचे ओठ लाल. काहींना सिमेंटच्या ओट्यात गळ्यापर्यंत पुरतात, म्हणजे गाईंची चौकटच नाहीशी. काही उपटून गावाबाहेर टाकले जातात, तिथून त्यांची पायरी होते, धुण्याचा दगड होतो. हे करणाऱ्यांना शिव्या देऊन काही होणार नाही, कारण तेलाचा हात लावणारेही तेच आहेत. दगड कुंपणात घालून त्याला हात लावायला मनाई करा, असंही मी कधी म्हणणार नाही. हातानं झिजलेला चेहरा मला रंगानं बुजलेल्या चेहऱ्यापेक्षा लाख वाटेनं बरा वाटतो. झीज म्हणजे तरी माणसं आली होती.

करण्यासारखं काम साधं आहे. रंग लावायचा नाही. लावलेला असेल तर तारेच्या ब्रशानं किंवा ॲसिडनं खरवडायचा नाही, त्यानं दगडाची कातच जाते. पुरातत्त्व खात्याला किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांना बोलवायचं. पडलेला दगड उभा करताना सिमेंट वापरायचं नाही, खड्डा खणून दगडमातीनं ठासायचा, तळची चौकट जमिनीच्या वर राहील असा. आडव्या उन्हात, सकाळी किंवा सांजच्याला, फोटो काढायचा. त्या वेळी सावलीनं नक्षी उठून दिसते, अक्षरं असली तर तीही दिसतात. कुठं आहे, किती उंच, चौकटी किती, गावात त्याला काय म्हणतात, कुठल्या दिवशी पूजतात, हे वहीत लिहायचं, मराठीत आणि कन्नडात दोन्ही. शेवटची दोन कलमं सगळ्यांत महत्त्वाची, कारण ती दगडावर कोरलेली नसतात. ती म्हाताऱ्यांच्या तोंडात असतात. आणि हे सगळं जत्रेच्या आदल्या आठवड्यात ठेवावं. तेव्हा पुण्या-मुंबईला, बेंगळुरूला गेलेली पोरं घरी आलेली असतात, हातांना कमी पडत नाही, आणि म्हातारीकोतारीही देवळाच्या कट्ट्यावर बसलेली सापडतात.